समुद्री शैवाल कुठे वाढलं, यावर त्यातून इंधन किती निघणार हे ठरतं

लाटांपल्याड (धागाकर्ता)

समुद्री शैवालापासून जैवइंधन या विषयावरचा कुठलाही तक्ता उघडा. जातीचं नाव असतं आणि पुढे आकडे: कर्बोदकं इतकी, राख (जाळल्यावर उरणारे क्षार) इतकी, मिथेन इतका. ते शैवाल कुठल्या पाण्यात, किती खोलीवर वाढलं आणि कोणत्या महिन्यात कापलं, याचा बहुतेक वेळा पत्ताच नसतो. खरं तर बाकीचे सगळे आकडे त्यावरच उभे असतात. सॅकरिना लॅटिसिमा या केल्पची, म्हणजे मोठ्या पानाच्या तपकिरी शैवालाची, राख कोरड्या वजनाच्या साधारण १५ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत कुठेही सापडते. लॅमिनारिन, म्हणजे त्याची साठवणीची साखर, जवळजवळ शून्यापासून पाव हिश्श्यापर्यंत जाते. एवढ्या रुंद पट्ट्याची सरासरी धरून प्रकल्प आखला तर बायोगॅसच्या टाकीचं मापच चुकतं.

यामागचं कारण थोडक्यात असं. शैवालाला मुळं नसतात, जमिनीतून ते पोषण घेत नाही. भोवतीचं पाणी हीच त्याची जमीन. पाण्यात नायट्रेट भरपूर असेल तर ते प्रथिनं बांधतं आणि वाढत सुटतं. नायट्रेट संपलं पण ऊन भरपूर असलं तर प्रकाशसंश्लेषण चालूच राहतं, पण तयार झालेल्या कार्बनाला प्रथिनांत जायची वाट उरत नाही. मग तो लॅमिनारिन आणि मॅनिटॉल (एक साखर-अल्कोहोल) म्हणून साठतो. इंधनाला हवा असतो हा दुसरा काळ. तो कधी येतो आणि किती दिवस टिकतो, हे जागा ठरवते.

एक हिशेब मांडतो. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण प्रत्यक्ष सापडणाऱ्या मर्यादेतलेच आहेत. एकाच जातीचं एक टन ओलं शैवाल, दोन जागांचं.

पहिली जागा: कोरडा भाग १२ टक्के, त्यात राख ३८ टक्के. म्हणजे १२० किलोतून ४५.६ किलो राख गेली, सेंद्रिय भाग उरला ७४.४ किलो. किलोला ०.२२ घनमीटर धरला तर मिथेन साधारण १६ घनमीटर.

दुसरी जागा: कोरडा भाग १८ टक्के, राख २२ टक्के. १८० किलोतून ३९.६ गेले, उरले १४०.४ किलो. हा माल जास्त पचनीय असल्याने किलोला ०.२७ धरू. मिथेन साधारण ३८ घनमीटर.

होडीतून उतरवताना दोन्ही ढीग सारखेच दिसतात आणि काट्यावर दोघांचं वजनही तेच भरतं, तरी गॅस दुपटीहून जास्त. म्हणून ‘दोराच्या मीटरमागे इतके किलो ओलं पीक’ (शेतीत शैवाल समुद्रात ताणलेल्या दोरांवर वाढवतात) हा आकडा इंधनाच्या कामाला फारसा उपयोगी नाही. मीटरमागे पचणारा सेंद्रिय भाग किती, हे सांगावं.

मूस५५०

मुद्दा पटला. पण तुलना करायची तर आधी मोजमाप सारखं हवं आणि बराचसा घोळ तिथेच होतो. दोन जागांमधला म्हणून सांगितला जाणारा फरक कित्येकदा दोन प्रयोगशाळांमधला निघतो.

पाण्याबाहेर काढलेल्या पानावर समुद्राचं पाणी चिकटलेलं असतं. लिटरला ३५ ग्रॅम मीठ घेऊन आलेलं हे पाणी तसंच वाळलं की मीठ राखेत जमा होतं. म्हणून कोणी गोड्या पाण्याखाली खळखळून धुतं. त्याने राख कमी दिसते खरी, पण मॅनिटॉल पाण्यात सहज विरघळतं आणि कापलेल्या कडांमधून लॅमिनारिनही निघून जातं. म्हणजे राख कमी करता करता साखरही नाल्यात. माझी पद्धत अशी: गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात बुडवून वाळू आणि किडे झटकायचे, पान उभं टांगून २ मिनिटं निथळू द्यायचं, दोन्ही बाजूंनी टिपकागद लावायचा आणि मगच ओलं वजन घ्यायचं. सगळ्या जागांना हेच, न चुकता.

वाळवण ६० अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत. साखर तपासायची असेल तर गोठवून वाळवलेलं चांगलं. वाळलेल्या केल्पवर पांढरी पूड उमटते. ती नुसतं मीठ समजून झटकू नका, तिच्यात मॅनिटॉल असतं. ट्रेला आणि पिशवीला लागलेली पूडसुद्धा ब्रशने नमुन्यात परत घ्यायची.

राख ५५० अंशांवर. उष्णता हळूहळू चढवा, नाहीतर नमुना फुगून मुशीबाहेर येतो. फार वर नेलंत तर दोन चुका होतात. पोटॅशियम क्लोराइड उडू लागतं आणि कवचांमधलं कॅल्शियम कार्बोनेट फुटून कार्बन डायऑक्साइड सोडतं. दोन्हींमुळे राख खोटी कमी येते. शिवाय क्षारांचा वितळून काचेसारखा थर मुशीच्या तळाला बसतो आणि तो खरवडूनही निघत नाही.

किनाऱ्यावर वाहून आलेला माल असेल तर आणखी एक पायरी. राख १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून गाळा, गाळणकागद पुन्हा जाळून वजन करा. न विरघळलेली राख म्हणजे मुख्यतः वाळू. ती शैवालाच्या घटनेत मोजायची नाही, पण टाकीच्या हिशेबात मोजायचीच, कारण तळाशी बसणार तीच.

प्रथिनांबद्दल एवढंच: नायट्रोजनला ६.२५ ने गुणू नका. शैवालाच्या पेशीत साठवलेलं नायट्रेट आणि इतर प्रथिनेतर नायट्रोजन असतो, त्यामुळे ५ हा गुणक सत्याच्या जास्त जवळ जातो. पोषकांनी भरलेल्या जागेचे नमुने ६.२५ मुळे हमखास फुगलेले दिसतात.

चौकस

दोघांचेही आभार. एक शंका आहे. हा परिणाम खरंच जागेचा की ऋतूचा? एकाच जागी जानेवारीत आणि सप्टेंबरात कापलं तरी एवढाच फरक पडेल ना? मग जागेवर एवढा भर कशाला?

लाटांपल्याड

थंड समुद्रांत ऋतूचा परिणाम नक्कीच मोठा आहे आणि हे फार आधीपासून माहीत आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या केल्पची वर्षभराची घटना डब्ल्यू. ए. पी. ब्लॅक यांनी मोजली, ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. हिवाळा संपताना राख आणि प्रथिनं शिखरावर, लॅमिनारिन तळाला. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदात नेमकं उलट. त्यानंतरच्या कामांनीही ढोबळमानाने हेच चित्र दाखवलं आहे.

पण ऋतूचं वेळापत्रक जागाच लिहिते. वसंतात वरच्या थरातलं पाणी तापतं, खालच्या गार पाण्याशी मिसळेनासं होतं आणि सूक्ष्म प्लवक उरलंसुरलं नायट्रेट फस्त करतं. ही घटना ज्या आठवड्यात घडते तिथून साखर साठायला सुरुवात. बंद खाडीत ती लवकर घडते. जोरदार भरती-ओहोटीच्या अरुंद सामुद्रधुनीत खालचं पाणी सतत वर ढवळलं जातं, तिथे ती उशिरा घडते किंवा अर्धवटच घडते. खोल पाणी वर येणाऱ्या किनाऱ्यांवर तर भर उन्हाळ्यातही नायट्रेट मिळत राहतं. तिथलं पीक वजनाला भरघोस, पण साखर म्हणावी तशी चढत नाही. केल्पच्या ऊतीतला नायट्रोजन कोरड्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आला की वाढ मंदावते आणि साठवण सुरू होते, ही खूण हाताशी ठेवा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. साखर चढायला लागते त्याच सुमारास पानांवर इतर जीवांची पुटंही चढू लागतात. मेंब्रानिपोरा हा ब्रायोझोआ, म्हणजे वसाहत करून राहणारा बारीक समुद्री प्राणी, पानावर पांढऱ्या जाळीचा गोल ठिपका म्हणून सुरू होतो. बोट फिरवलं तर खरखरीत लागतो, भिंगाखाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक घरं दिसतात. काही आठवड्यांत ठिपके एकमेकांना भिडतात, पान ताठर होतं आणि लाटेत वाकण्याऐवजी आडवं तुटतं. साखर असलेला जुना शेंड्याकडचा भागच आधी गळून पडतो. उरलेल्या पानावर कार्बोनेटचं कवच, म्हणजे राख पुन्हा वाढली.

म्हणून इंधनासाठी जागा निवडताना माझा पहिला प्रश्न असा असतो: नायट्रेट संपण्याचा दिवस आणि पुटं चढण्याचा दिवस यांच्यात किती आठवडे मिळतात? जिथे ६-८ आठवडे मिळतात ती जागा. जिथे दोन्ही एकदमच येतात तिथे पीक कितीही दाट दिसो, ते साखर भरण्याआधीच कापावं लागतं. नॉर्वेच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जावं तशी पुटं उशिरा चढतात आणि कापणी पुढे ढकलता येते, तो याचाच परिणाम.

किण्व

इथेनॉलच्या बाजूने भर घालतो, कारण जागेचा मार सगळ्यात जास्त इथेच बसतो.

तपकिरी शैवालात कर्बोदकं तीन मुख्य रूपांत असतात. लॅमिनारिन हा ग्लुकोजचाच साखळीबंध, एन्झाइमने सहज सुटतो. मॅनिटॉल ही साखर-अल्कोहोल, तिला तोडावं लागत नाही, पण नेहमीचं यीस्ट तिला हातही लावत नाही. अल्जिनेट हा पेशीभिंतीचा भाग, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात हट्टी. जागा आणि ऋतू यांनी जोरात हलतात ते पहिले दोन. अल्जिनेट त्यामानाने जागचं हलत नाही. त्यामुळे साखर नसलेल्या काळात कापलेल्या मालाची ‘एकूण कर्बोदकं’ कागदावर बरी दिसतात, पण ती असतात बहुतांशी अल्जिनेट.

हिशेब: १०० किलो कोरड्या मालात २५ टक्के लॅमिनारिन. पाणी जोडलं जाऊन ग्लुकोज होतं २७.८ किलो. ०.५१ हा सैद्धांतिक गुणक आणि ८० टक्के प्रत्यक्ष उतारा धरला तर इथेनॉल ११.३ किलो, म्हणजे १४ लिटरच्या वर. लॅमिनारिन ५ टक्के असेल तर ३ लिटरसुद्धा नाही.

याहून मोठी अडचण तीव्रतेची. १५ टक्के घनपदार्थांचा रगडा घेतला, लॅमिनारिन २५ टक्के, म्हणजे उत्तम माल, तरी आंबवणीअंती इथेनॉल वजनाने जेमतेम १.७ टक्के. ऊर्ध्वपातन परवडायला साधारण ४ टक्के लागतं. घनपदार्थ वाढवावेत तर अल्जिनेटमुळे रगडा इतका चिकट होतो की ढवळणीचा दांडा एका जागी खड्डा करून फिरत राहतो आणि कडेचा माल हलतच नाही. आम्ल घालून पीएच साडेतीनच्या खाली नेलात तर अल्जिनिक आम्लाचा गोळा बसतो. अल्जिनेट तोडणारं लायेझ एन्झाइम आधी घालून पातळ करणं हा सरळ मार्ग. ते उदासीन पीएचच्या आसपास काम करतं, लॅमिनारिनवरचं एन्झाइम मात्र साधारण ५ ला. म्हणून दोन टप्पे वेगळे ठेवा, आधी पातळ करा आणि नंतर पीएच उतरवा.

मॅनिटॉलबद्दल: ते आंबवताना पेशीत जास्तीचे हायड्रोजन-वाहक तयार होतात, ते मोकळे करायला थोडा ऑक्सिजन लागतो. पूर्ण बंद टाकीत काम अडतं, हवा जास्त झाली तर सूक्ष्मजीव साखर नुसती जाळतात. झायमोबॅक्टर पाल्मे आणि पिचिया अँगोफोरी हे मॅनिटॉल वापरणारे सूक्ष्मजीव. पिचिया लॅमिनारिनही वापरतं, पण हवेचा पुरवठा फार सांभाळावा लागतो.

अल्जिनेटही वापरणारे जिवाणू घडवता येतात, हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं. बदललेल्या ई. कोलायने केल्पपासून थेट ४.७ टक्के आकारमानाचं इथेनॉल दिलं. २०१४ मध्ये यीस्टमध्येही अल्जिनेट आणि मॅनिटॉल दोन्हींचा मार्ग बसवला गेला. असे सूक्ष्मजीव हाती असतील तर जागेवरचं अवलंबित्व बरंच कमी होतं, कारण मग कुठल्याही महिन्यातला माल चालतो. नेहमीचं यीस्ट असेल तर जागा आणि महिना हेच सगळं.

टाकीवाला

@किण्व, इथेनॉलला तीव्रता लागते म्हणूनच मी बायोगॅसकडे झुकतो. टाकीतल्या जिवाणूंना लॅमिनारिन, मॅनिटॉल, बराचसा अल्जिनेट, प्रथिनं, सगळं चालतं आणि वाळवावंही लागत नाही. धागाकर्त्यांचाच हिशेब पुढे नेतो. पहिल्या जागेच्या एक टनात ८८० किलो पाणी. ते उडवायला किमान ०.६३ युनिट दर किलोला, म्हणजे ५५० युनिटच्या वर. त्यातून निघणारा गॅस १६ घनमीटर, म्हणजे १६० युनिट. दुसऱ्या, चांगल्या जागेतसुद्धा ५१७ विरुद्ध ३८०. कृत्रिम उष्णतेने वाळवून इंधन करणं गणितात बसतच नाही. ओलंच वापरा.

पण टाकीलाही जागा भोवते, वेगळ्या तऱ्हेने.

कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर २० ते ३० असेल तर टाकी सुखी. वसंतातला किंवा पोषकांनी भरलेल्या पाण्यातला केल्प १० च्या आसपास येतो. पोषकांनी फोफावलेली अल्वा, म्हणजे पत्र्यासारखी पातळ हिरवी, कित्येकदा त्याहून खाली. मग अमोनिया साचतो. त्याच्या जोडीला पेंढा, काड असं कार्बन जास्त असलेलं काही द्यावं लागतं. उलट साखरेने भरलेला शरदातला केल्प एकदम जास्त टाकला तर तासाभरात आम्लं सुटतात आणि मिथेन करणारे जिवाणू मागे पडतात. त्याला शेणाच्या स्लरीची जोड चांगली, तिच्यात आम्ल पेलायची ताकद असते. भरणा घनमीटरला रोज १ किलो सेंद्रिय भागाने सुरू करा आणि आठवड्या-आठवड्याने वाढवा. आम्ल आणि क्षारता (आम्ल पेलायची ताकद) यांचं गुणोत्तर ०.४ च्या वर गेलं की भरणा थांबवून वाट पाहा. गॅस कमी होण्याची वाट पाहिलीत तर उशीर झालेला असतो.

सोडियम: कोरड्या मालात साडेतीन टक्के सोडियम आणि १५ टक्के कोरडा भाग असेल तर काहीही न मिसळता चालवलेल्या टाकीत लिटरला सव्वापाच ग्रॅम सोडियम होतं. साडेतीन ते साडेपाच ग्रॅममध्ये सरावाशिवायचे जिवाणू मंदावतात, ८ च्या वर बहुधा बसतातच. हळूहळू सराव दिला तर जास्त मीठ पेलतात. खाऱ्या गाळातून आणलेलं विरजण त्यासाठी उपयोगी पडतं.

गंधक: अल्वाच्या पेशीभिंतीत अल्वन असतं, सल्फेट लागलेली साखळी. शिवाय समुद्राच्या पाण्यात लिटरला २.७ ग्रॅम सल्फेट. सल्फेट खाणारे जिवाणू मिथेनवाल्यांच्या तोंडचा घास पळवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. गॅसमध्ये ते हजारो पीपीएमवर जाऊ शकतं, गॅस इंजिनाला काही शेच चालतं. भरण्याबरोबर लोहाचं क्लोराइड द्या. ते सल्फाइडला काळ्या गाळात बांधतं. हा वायू माणसालाही घातक आहे. जास्त प्रमाणात नाक बधिर करतो, वास गेला म्हणजे धोका टळला असं नाही. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर कुजणाऱ्या अल्वाच्या ढिगांतून सुटलेल्या याच वायूने प्राणी मेलेले आहेत. ढीग घालून ठेवू नका आणि टाकीची झाकणं उघडताना मापक अंगावर असू द्या.

चौकस

मग नदीच्या मुखाजवळ, जिथे पाणी कमी खारट असतं, तिथे वाढवलं तर मीठ कमी आणि काम सोपं, नाही का? आणि मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांशेजारी वाढवलं तर खत फुकट मिळेल?

लाटांपल्याड

पहिल्याचं उत्तर अर्धं हो. बाहेरचा खारटपणा तोलायला केल्प पेशीत पोटॅशियमसारखे आयन आणि मॅनिटॉल धरून ठेवतं. बाहेर पाणी सौम्य झालं की दोन्ही सोडून देतं. म्हणजे राख उतरते खरी, पण मॅनिटॉलही उतरतं. खारटपणा लिटरला साधारण २० ग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक केल्पची वाढ मंदावते, आणखी खाली पानावर फोड येतात, ते पांढरं पडतं. नदीमुखाला गाळही असतो. गढूळ पाण्यात प्रकाश खोलवर पोचत नाही, पानावर साय धरावी तसा गाळाचा थर बसतो. उष्ण समुद्रातल्या काप्पाफायकस या लाल शैवालावर तर जोराच्या पावसाने पृष्ठभाग गोडा झाला की फांद्या पांढऱ्या पडून गळण्याचा ‘आइस-आइस’ विकार दिसतो आणि त्यातल्या कॅराजीननचा (जेल करणाऱ्या पदार्थाचा) दर्जा घसरतो. उष्ण कटिबंधात वर्षाचं चक्र प्रकाशापेक्षा पाऊस आणि पाण्याचं तापमान यांनी हलतं, म्हणून थंड समुद्राची दिनदर्शिका तिथे लावू नये.

दुसऱ्याचं उत्तर इंधनापुरतं तरी नाही. पिंजऱ्यांतून अमोनियम सुटतं. त्याने वाढ जोमाची होते, नायट्रोजन चढतो, साखर साठायचा काळ पुढे सरकतो. पाणी शुद्ध करणं किंवा प्रथिनांसाठी माल घेणं हा हेतू असेल तर जागा उत्तम. इथेनॉलसाठी चुकीची.

मूस५५०

खारटपणावर थोडा वेगळा मुद्दा. मॅनिटॉल उतरलं म्हणजे एकूण साखर उतरली असं लगेच धरू नका. नदीमुखाला प्रवाह, प्रकाश, नायट्रेट सगळंच एकदम बदलतं आणि लॅमिनारिन त्या सगळ्याकडे बघून हलतं. दोन्ही वेगवेगळं मोजा: मॅनिटॉल द्रव क्रोमॅटोग्राफीने, लॅमिनारिन एन्झाइमने सोडवून मिळालेल्या ग्लुकोजवरून. आम्लाने सोडवलंत तर सेल्युलोजचं ग्लुकोजही त्यात येतं आणि लॅमिनारिन जास्त दिसतं.

लाटांपल्याड

बरोबर आहे, मान्य. माझं विधान फक्त मॅनिटॉलपुरतं धरावं.

खडकाळ

लाटांचा मार आणि खोली यांवर अजून कोणी बोललेलं नाही. निवाऱ्याच्या पाण्यात सॅकरिनाचं पान रुंद, पातळ, कडेला झालरीसारखं चुण्यांचं होतं. खुल्या समुद्रात तेच अरुंद, जाड, सपाट. लॅमिनारिया हायपरबोरिया या केल्पचा देठ मार सोसायला ग्युल्युरॉनिक आम्ल जास्त असलेल्या अल्जिनेटने बांधलेला असतो. हे अल्जिनेट कॅल्शियमशी घट्ट जेल करतं, म्हणून देठ मिसळला की किण्व यांनी सांगितलेला चिकटपणा आणखी जड होतो. इंधनाला पानं घ्या, देठ वेगळे काढा.

प्रवाह थोडा हवाच. थांबलेल्या पाण्यात पानाभोवतीचा पातळ थर नायट्रेटने रिकामा होतो आणि शैवाल भरल्या ताटावर उपाशी राहतं.

खोलीचं सरळ आहे: खाली जावं तसा प्रकाश कमी, रंगद्रव्यं आणि नायट्रोजन जास्त, साठवण कमी. वरचे २ मीटर साखरेला चांगले, पण कडक उन्हात पान भाजतं. त्यामुळे वसंतात खोल आणि शेवटचे काही आठवडे वर, असा दोर हलवता येईल अशी बांधणी उपयोगी ठरते.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या फ्यूकस आणि अ‍ॅस्कोफायलम या तपकिरी शैवालांना ऊन व कोरडेपणा सोसायचा असतो, ते फ्लोरोटॅनिन (फिनॉल गटातली संयुगं) भरपूर बनवतात. टाकीतल्या जिवाणूंना हे फिनॉल बाधतात. याच कारणाने या जातींचा मिथेन केल्पहून कमी येतो.

टाकीवाला

जागाच नसलेलं शैवाल म्हणजे तरंगतं सरगॅसम. २०११ पासून कॅरिबियनला लोंढे येऊ लागले आणि जून २०१८ मध्ये अटलांटिकभर ८,८५० किलोमीटर लांबीचा, २ कोटी टनांहून जास्त पट्टा उपग्रहांवरून मोजला गेला. फुकटचं इंधन वाटतं. पण त्याच्यातही पाण्याचा इतिहास उतरलेला आहे. १९८० च्या दशकाच्या तुलनेत त्यातलं नायट्रोजनाचं प्रमाण साधारण ३५ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. आर्सेनिकही बरंच असतं आणि ते टाकीतून नाहीसं होत नाही. गॅस काढून उरलेली मळी शेतात घालण्याआधी दर खेपेला आर्सेनिक व कॅडमियम तपासावं लागतं. मिथेनही केल्पच्या मानाने कमी.

चौकस

जळणासाठी किंवा दाबाखाली तेल काढायला?

खडकाळ

जाळू नका. पोटॅशियम, सोडियम आणि क्लोरीन एकत्र आले की राख कमी तापमानालाच वितळते, जाळीवर लगदा बसतो आणि बॉयलरच्या नळ्या खाल्ल्या जातात.

दाबाखालच्या पाण्यात ३०० ते ३५० अंशांवर तेल काढण्याची पद्धत ओल्या मालाला जमते. प्रथिनं जास्त असतील तर तेल जास्त निघतं, पण त्यातला नायट्रोजन तेलात उतरतो आणि तो काढायला हायड्रोजन खर्च होतो. म्हणजे पोषकांनी भरलेल्या जागेचा माल इथे खपतो, स्वच्छ तेल मात्र देत नाही. क्लोराइडमुळे साध्या स्टेनलेस पोलादाला ताणाखाली तडे जातात, निकेलचा मिश्रधातू घ्यावा लागतो.

लाटांपल्याड

जागा बदलता येत नसेल तर पाणीच बदलावं, हा विचारही करून झाला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत हॉवर्ड विल्कॉक्स यांच्या कल्पनेवरून दक्षिण कॅलिफोर्नियासमोर खुल्या समुद्रात मॅक्रोसिस्टिस या महाकाय केल्पची शेती करून मिथेन काढायचे प्रयत्न झाले. खोल समुद्रातलं गार, नायट्रेटयुक्त पाणी नळाने वर आणायचं, अशी योजना. रोपं प्रवाहात एकमेकांत आणि सांगाड्यात गुंतून, घासून गेली आणि वादळांनी उरलेलं नेलं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या एआरपीए-ई या संस्थेने मरीनर कार्यक्रमातून हाच प्रश्न पुन्हा हाती घेतला, भर दोर, नांगर आणि निरीक्षणाच्या साधनांवर. खोल पाणी वर आणायचंच असेल तर ते कापणीआधी काही आठवडे बंद करता यायला हवं. सतत खत मिळालं तर साखर कधीच भरणार नाही.

चौकस

शेवटचा प्रश्न. तीन संभाव्य जागांची तुलना करायची आहे. नमुने कसे घ्यावेत?

मूस५५०

तिन्ही जागी एकाच बियाण्याचे, म्हणजे एकाच जनक रोपांच्या बीजाणूंपासून केलेले दोर, एकाच आठवड्यात, एकाच खोलीला लावा. नाहीतर जागेचा आणि वाणाचा फरक वेगळा करता येणार नाही. दर जागी किमान तीन वेगळे दोर. एका दोरावरचे तीन नमुने म्हणजे तीन पुरावे नव्हेत.

वसंतापासून दर दोन आठवड्यांनी कापणी. प्रत्येक वेळी दोराचा अर्धा मीटर पूर्ण सोलून घ्या, निवडक मोठी पानं नकोत. पानाचा बुडखा कोवळा आणि नायट्रोजनवाला, मधला आणि शेंड्याकडचा भाग जुना आणि साखरवाला असतो. भोक पाडून घेतलेली एक चकती त्यामुळे फसवते. अख्खी पानं चिरून, मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा. वेळ शक्यतो तीच, सकाळची, कारण मॅनिटॉल दिवसभरात वरखाली होतं.

त्याच दिवशी पाण्याचं तापमान, खारटपणा, दोराच्या खोलीवरचा प्रकाश, आणि गाळून गोठवलेला पाण्याचा नमुना नायट्रेटसाठी. पुटांचा टक्का फोटोवरून, पानाच्या दोन्ही बाजूंचा.

कापल्यापासून गोठवेपर्यंत २ तासांच्या वर जाऊ देऊ नका, मधल्या वेळात बर्फावर. पण पिशवीत बर्फाचं पाणी शिरता कामा नये. पिशव्या दुहेरी घ्या आणि वितळताना सुटलेला रस टाकू नका. तो वजनासकट नमुन्यात धरा, मॅनिटॉलचा मोठा भाग त्यातच असतो.

टाकीवाला

त्यातला किलोभर माल बारीक चिरून, हवा दाबून काढून, हवाबंद डब्यात मुरायला ठेवा आणि ९० दिवसांनी पीएच व मिथेन तपासा. कापणी काही आठवड्यांचीच, टाकी वर्षभर चालवायची, तेव्हा मुरवण ज्या जागेच्या मालाला जमते ती जागा वर येते. साखर कमी असलेल्या मालाचा पीएच पुरेसा उतरत नाही आणि तो सडतो. तिथेही डब्याच्या तळाला जमलेला रस गॅससाठीच वापरायचा, त्याची तोटी डबा भरण्याआधीच बसवून घ्या.